न धुतलेली जर्सी

दुसरा ओढा मागे पडला तेव्हा उजाडायला लागलं होतं, पण धुकं हटायला तयार नव्हतं. दोनाताला चार पावलांपलीकडची वाट दिसत नव्हती. वर कुठेतरी गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, त्यांच्या रोखाने ती चालली होती. मागून ओर्सोलाच्या काठीची टकटक येत होती. मोंतेलाउरो गावापासून डोंगरावरच्या मातेच्या देवळापर्यंत पाच तासांची चाल. त्यातले तीन तास झाले होते.

“मावशी, ती पिशवी दे जरा माझ्याकडे,” ओर्सोला म्हणाली.

“राहू दे बाई. जड नाही. जड असती तर बरं झालं असतं.”

ओर्सोला गावच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेली. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलेलं, म्हणून दोनाता वयानं मोठी असूनही तिला बाईच म्हणायची. दोनाता स्वतः चौथीच्या पुढे गेली नाही. मोंतेलाउरोच्या फुटबॉल संघाचे कपडे धुण्यात तिची एकतीस वर्षं गेली. आधी दगडी हौदावर, मग मशीनमध्ये. तिचा नवरा रोक्को मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचा. रविवारी रेघा त्याच्या आणि जर्सी हिच्या, मधे खेळतात ती पोरं कुणाची का असेनात, असं तो म्हणायचा. त्याला जाऊन सात वर्षं झाली. तरी शनिवारी संध्याकाळी मैदानात चुन्याचा वास सुटला की ती खिडकीत येऊन उभी राहायची.

मार्चमध्ये संघ तळाला होता. तिसऱ्या श्रेणीतून खाली जाणार हे लहान पोरही सांगत होतं. तेव्हा दोनातानं नवस बोलला. संघ टिकला तर पायी डोंगरावर येईन, वाटेवरच्या दगडी क्रुसापासून अनवाणी चढेन आणि मातेच्या भिंतीवर जर्सी टांगेन. आणि संघ टिकला. शेवटच्या सामन्यात तोर्रेमाराच्या संघावर तीन गोलांनी विजय. त्या दिवशी गावातल्या घंटा थांबेचनात. रविवारी अख्खा संघ टीव्हीवाल्यांना घेऊन दर्शनाला यायचा होता. दोनाता गुरुवारीच निघाली.

“रविवारी बसमध्ये तुझीही जागा धरली होती म्हणे,” ओर्सोला म्हणाली. “अध्यक्षांच्या शेजारी.”

“त्यांना शेवटच्या वळणावर उतरून कॅमेऱ्यापुरतं चालायचंय. शंभर पावलं.”

“तेवढ्यानंही घाम फुटेल त्यांना. सिमेंटचं पोतं आहे नुसतं.”

दोनाता हसली नाही. मग ती चालता चालताच म्हणाली, “घामाचंच सांगायचंय तुला.”

आणि तिनं सांगितलं. सामना संपल्यावर पोरांनी जर्सींची अदलाबदल केली होती. तोर्रेमाराच्या अकरा जर्सी तिच्या टोपलीत आल्या. मे महिन्यातली दुपार, मैदान तव्यासारखं तापलेलं. दोनातानं टोपलीत हात घातला आणि तो तसाच राहिला.

“कोरड्या होत्या बाई. दोन-तीन ओलसर, बाकी जशा कपाटातून काढल्या तशा. आणि गोलकीपरची? तीन गोल खाल्ले त्यानं. तीनदा जमिनीवर पडायला हवा होता. कोपराला गवताचा डाग नाही, छातीला माती नाही. आपल्या पोरांच्या जर्सी देण्याआधी पिळल्या असत्या तर बादली भरली असती. व्हीतोची तर मध्यंतरालाच अंगातून सोलून काढून दुसरी द्यावी लागली. ती तशीच ठेवलीय मी.”

व्हीतो म्हणजे संघाचा कप्तान. सतराव्या वर्षी आला तेव्हा मोजे उलटे करून टाकायचा नाही म्हणून दोनातानं त्याचा कान धरला होता. तेव्हापासून तो तिला आई म्हणायचा.

ओर्सोला थांबली. “म्हणजे तोर्रेमारानं सामना विकला?”

“आपल्या पोरांना माहीत नव्हतं. हे मी मातेच्या दारात सांगेन. ज्याला माहीत असतं तो एवढा घामेजत नाही.”

“मग जर्सी कुठे आहेत?”

“दहा धुतल्या. हातांना सवय बाई, डोकं कुठे विचारतं. अकरावीला हात थांबला.” तिनं पिशवीवर तळवा ठेवला. “ही ती.”

दोन दिवसांनी अध्यक्ष ब्रुनेत्ती धुण्याच्या खोलीत आले होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. सगळं धुऊन झालं ना, असं त्यांनी विचारलं. सगळं? दोनातानं हो म्हणून मान हलवली. पुढच्या आठवड्यात नवं कोरं मशीन आलं, काचेच्या दाराचं, इतकं हळू चालणारं की ते धुतंय यावर विश्वास बसू नये. आणि आता फुटबॉल महासंघाचा चौकशी करणारा माणूस उद्या शुक्रवारी दहाला तिच्याकडेच येणार होता. तिनं तोंड उघडलं तर संघ खाली जाणार, कदाचित मोडणारच. व्हीतो तेहतीस वर्षांचा, त्याला पुन्हा कोण घेणार? नाही उघडलं तर आज फेडायचा तो नवस खोटा.

“मी मातेकडे मागितलं,” ती म्हणाली. “आणि दिलं कुणी? ब्रुनेत्तीनं. मग नवस कुणाचा फेडायचा मी?”

ओर्सोलाला सगळ्या प्रश्नांची उत्तरं यायची असा गावाचा समज होता. तिनं काठीनं पिशवीकडे खूण केली. मग म्हणाली, “आणि हिचं काय करणारेस?”

“भिंतीवर टांगते. मातेच्या घरात कुणी शोधायला येत नाही.”

दगडी क्रुसापाशी दोनातानं बूट काढले, नाड्यांची गाठ मारून गळ्यात अडकवले. खडे दवानं गार होते. सुरुवातीला टोचले, मग पाय बधिर झाले आणि आपण चालतोय की वाट खालून सरकतेय, ते कळेनासं झालं. धुक्यात तिला वाळत घातलेल्या जर्सी दिसू लागल्या. हिरव्या-पांढऱ्या, ओळीनं, डोकी नसलेल्या, बाह्या हलवत. गेल्या एकतीस वर्षांतल्या सगळ्या. त्यांच्या खालून रोक्को चुन्याची गाडी ढकलत चालला होता आणि रेघ सरळ डोंगरावर जात होती. तिनं हाक मारली नाही. हाक मारली की तो रेघ वाकडी करायचा.

“मावशी, डावीकडे,” मागून ओर्सोला म्हणाली, आणि तो गेला.

देऊळ उघडंच होतं. आत मेणाचा आणि ओल्या दगडाचा वास. माता तिच्या निळ्या वस्त्रात नेहमीसारखी खाली बघत होती, कुणी काहीतरी सांडलंय आणि ती रागावलेली नाही अशी. दोनातानं गुडघे टेकले, काहीच मागितलं नाही, उठली आणि भिंतीपाशी गेली. भिंतभर नवसाच्या वस्तू. चांदीची हृदयं, कुबड्या, लग्नाचे तुरे, आणि उजव्या कोपऱ्यात जर्सी. रोक्कोनं टांगलेली तिला लगेच सापडली. पंचवीस वर्षांपूर्वीची. त्या वर्षी संघ खाली गेला होता. हरल्यावर नवस कसला फेडता, असं तिनं तेव्हा विचारलं होतं. तो म्हणाला होता, “कुणाचा पाय मोडला नाही, तेवढं पुरे.” आणि ती जर्सी तो तशीच घेऊन आला होता, घामट. दोनाताला लाज वाटली होती. मातेला मळकं देतात का? त्यावर त्याचं उत्तर, “धुतलं की फक्त कापड उरतं गं.”

जर्सीचा हिरवा रंग विटून वाळल्या गवतासारखा झाला होता. पण काखेखाली मिठाची पांढरी रेघ अजून होती, वाकडीतिकडी, किनाऱ्यावर लाट मागे जाताना उरते तशी. शेजारच्या जर्सीवरही. तिच्याही शेजारच्या. दोनातानं एकेका रेघेवरून बोट फिरवलं. मग पिशवीतली जर्सी काढून त्यांच्या बाजूला धरली. स्वच्छ, पिवळी, इस्त्रीची घडी अजून न मोडलेली. तिथे ती इतकी परकी दिसत होती की दोनातानं ती पटकन खाली घेतली.

“इथे नाही चालायची,” ती म्हणाली.

“अगं, पण एका कोरड्या जर्सीनं काय सिद्ध होणार?” ओर्सोलानं हळूच विचारलं.

“सिद्ध करणं त्या माणसाचं काम. हाताला काय लागलं ते सांगणं माझं.”

“व्हीतो?”

“त्याला आज संध्याकाळी मीच सांगते. कान धरून. त्याचीच जर्सी आणून टांगेन इथे पुढच्या खेपेला. ती ओली होती.”

दोघी बाहेर पायरीवर बसल्या. धुकं खालच्या दरीत उतरलं होतं, आणि त्याच्या पलीकडे, खाली उन्हात मोंतेलाउरोच्या मैदानाचा हिरवा तुकडा हातरुमालाएवढा दिसत होता. दोनातानं पाय पुसले, बूट घातले, जर्सीची नीट घडी केली. मग ती ओर्सोलाच्या मांडीवर ठेवली.

“ही तुझ्या घरी ने. माझ्याकडे राहिली तर रात्री उठून धुईन मी, माझा भरवसा नाही. उद्या दहाला घेऊन ये, आणि मी बोलेन ते चांगल्या अक्षरात लिहून घे. सही मी करते.” थोडं थांबून तिनं पुन्हा घडीवरून हात फिरवला. “आणि बाई, तू पण धुऊ नकोस हं.”