एक उत्तरपत्रिका, चार पुरवण्या

ती घटना आठवायला मला जुनी फाईल उघडावी लागत नाही. उत्तरपत्रिकेचा कोपरा चिमटीत धरून डोळे मिटून बसलेला एक मासेमार मला अजून दिसतो. दिसला की मी खुर्चीतून उठतो आणि अंगणात फेऱ्या मारू लागतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, गडचिरोलीच्या जंगलात दोन वर्षे गस्त घातली. ते सगळे आता निवले आहे. बी.एस्सी.च्या एका पेपरचे प्रकरण मात्र निवत नाही.

नव्वदच्या दशकाची ती अखेरची वर्षे. मी चंद्रपुरात एका ठाण्याचा प्रमुख होतो. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. सकाळची हजेरी, गार्ड बदली आणि समन्स-वॉरंटचे वाटप झाले की तक्रारदारांना आत सोडायचे, असा ठाण्याचा नेम. त्या दिवशी पहिला आत आला तो सावली तालुक्यातला, वैनगंगेकाठच्या गावचा एक ढिवर. तलावात आणि नदीत मासेमारी करायची आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या धानात मजुरी करायची, असे त्याचे जगणे. त्याने खिशातून घडी घातलेले एक पत्र काढून टेबलावर ठेवले.

"साहेब, माह्या पोरीचा पेपर बदलला जी."

मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन विषयांत नापास झाली होती. तिने गुणपडताळणीचा अर्ज केला, त्याचे हे उत्तर होते. रसायनशास्त्राची मुख्य उत्तरपत्रिका व एक पुरवणी तपासली, गुणांत बदल नाही.

"पोरगी सांगून राह्यली, तिनं चार पुरवण्या लावल्या होत्या. मंग तीन कुठी गेल्या?"

"मोजण्यात चूक झाली असेल," मी म्हणालो. "हे विद्यापीठाचं काम आहे, पोलिसांचं नाही. तिकडे अर्ज करा."

"अर्जच त केला जी. त्याचंच हे पत्तर आलं."

हवालदार हसला. मीही हसलो. तो हसला नाही. पत्राची घडी पुन्हा पहिल्यासारखी घालत तो म्हणाला, "आश्रमशाळेत विज्ञानाच्या मास्तरणीची जागा हाये. संस्थेवाले डिसेंबरपावतर थांबतो म्हंतेत. मार्कशीट पायजे." आणि तो गेला. मी पुढच्या तक्रारदाराला हाक मारली.

यानंतर अकरा दिवसांनी आमच्या ठाण्याची रजिस्टरे बांधायला बाइंडर आले. परकोटाच्या आत त्यांचे पिढीजात दुकान होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. दप्तर ठाण्याबाहेर न्यायचे नाही म्हणून ते व्हरांड्यातच सतरंजी टाकून काम करत. मी चहा पाठवला. कप बाजूला ठेवून ते म्हणाले, "साहेब, एक बात बोलू? उन्हाळ्यात पेपर तपासाच्या सेंटरवरचा एक बाबू माह्याकडं आला होता. म्हणे, चाचा, कापीच्या पिना अशा काढून दाखवा का कागदाले समजलं नाई पायजे."

"कशासाठी?"

"मी बी तेच पुसलं. त म्हणे, कव्हर खराब झालं, नवीन लावाचं हाये. मी म्हटलं, अरे बाबू, परीक्षेच्या कापीले कोणी नवीन कव्हर लावते का? जा, मेरा नाम मत ले इसमें."

"चाचा, तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमच्या ठाण्यात विचारल्याशिवाय कोणी बोलते का साहेब?" ते म्हणाले आणि सुईत दोरा ओवू लागले.

तीन गेलेल्या पुरवण्या आणि एक नवीन कव्हर. मला त्या ढिवराचे घडी घातलेले पत्र आठवले. त्याच दुपारी मी शिपायाला सावलीच्या बसमध्ये बसवले.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक आले. मुलीचा जबाब मी स्वतः घेतला. ती शांत होती. कोणता प्रश्न कितव्या पानावर सोडवला हेही तिने सांगितले. मग मी कोरे कागद आणि परीक्षेत देतात तसला पांढरा दोरा पुढे ठेवला. पुरवण्या कशा बांधल्या, ते दाखव म्हटले. तिची बोटे दोनदा फिरली आणि गाठ बसली. मी ती नखाने सोडवायला गेलो. सुटेना.

"ही कसली गाठ?"

"जाळ्याची जी. घरी जाळं विणतो ना आमी, हातानं आपोआपच पडते. पेपराच्या टायमाले मॅडमनं टोकलं बी होतं. म्हणे, फुलगाठ मार, सोडाले सोपी जाते."

तिने दोरा शेवटच्या आतल्या पानातून ओवला होता. बाहेरच्या कव्हराच्या कागदातून नाही. हे तेव्हा माझ्या लक्षात आले, पण त्याचा अर्थ लागला नव्हता.

परीक्षा केंद्रावरचा पुरवण्यांचा तक्ता मागवला. तिच्या क्रमांकासमोर चार पुरवण्या आणि पर्यवेक्षिकेची सही. पत्रात एक, तक्त्यात चार. आता चुकीला जागा नव्हती. फसवणूक, खोटा दस्तऐवज आणि कट या कलमांखाली मी गुन्हा नोंदवला आणि मूल्यांकन केंद्र गाठले.

तिथल्या प्रमुखांनी आम्हाला दारातच अडवले. "गठ्ठे उघडता येणार नाहीत. परीक्षेची गोपनीयता आहे."

"भौतिकशास्त्राचे गठ्ठे कुठे आहेत?" मी विचारले.

"ते रद्दीत गेले. मुदत संपली होती. मागच्या आठवड्यात ट्रक गेला." थोडे थांबून ते म्हणाले, "रसायनशास्त्राचे सोमवारी जाणार आहेत."

मागच्या आठवड्यात. मी तारीख विचारली. त्यांनी सांगितली. ती मी वहीत लिहिली आणि वही लगेच मिटली.

मुलीच्या क्रमांकाची उत्तरपत्रिका सापडायला वेळ लागला नाही. आत अक्षर दुसऱ्याचे, अर्धी पाने कोरी, एक पुरवणी आणि तिला सैल फुलगाठ. म्हणजे तिचे लिखाण दुसऱ्या कुणाच्या क्रमांकाखाली गेले होते. कुणाच्या, हे कसे शोधायचे? खोलीत भिंतभर गठ्ठे होते. एकेक उघडून अक्षर जुळवत बसलो असतो तर महिना गेला असता, आणि सोमवारी ट्रक येणार होता.

मुलीचा बाप आमच्यासोबत आला होता; दारात उकिडवा बसून तो हे सगळे ऐकत होता. तो म्हणाला, "साहेब, मले हात लावू द्या एक डाव."

केंद्रप्रमुख उसळले. "याला? याला आत सोडायचं?"

"त्याला वाचता येत नाही," मी म्हणालो. "तुमची गोपनीयता सुखरूप राहील."

दोन पंच बसवले. पंचनामा सुरू झाला. एक शिपाई गठ्ठा आणून ठेवी, दुसरा उचलून नेई. बाप उत्तरपत्रिका उघडत नव्हता. डोळे मिटून नुसता कोपरा चिमटीत धरी आणि म्हणे, "हे नोहे. हे नोहे." सिनेमाची तिकिटे फाडावीत तितक्या वेगाने त्याचे हात चालत होते. संध्याकाळी खोलीला सील केले, सकाळी उघडले. पंचांपैकी एक कंटाळून म्हणाला, "बाबा, मासोळी नाई पकडून राह्यले तुमी." तो डोळे न उघडता म्हणाला, "मासोळी लवकर सापडते जी."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा हात थांबला. त्याने गाठ दोनदा चाचपली.

"हे घ्या. पोरीची हाये."

"तुमच्याकडं जाळं विणणारे पुष्कळ आहेत. तिचीच कशावरून?"

"वढली कशी पाहा ना. डाव्या हातानं. माही पोरगी डावखुरी हाये."

मी उघडली. चार पुरवण्या. अक्षर जबाबावरच्या सहीशी जुळत होते. कव्हरावर क्रमांक मात्र गडचांदूरकडच्या एका वाहतूक कंत्राटदाराच्या मुलाचा. चाचांना बोलावले. त्यांनी उत्तरपत्रिकेचा कणा उजेडात धरला. कव्हराच्या कागदाला पिनेची दोन भोके होती, आतल्या कागदांना चार; म्हणजे कव्हर मागाहून बसवले होते.

"किती पडले जी?" बापाने विचारले.

"बहात्तर."

"म्हंजे पास?"

"पास."

त्याने हात धोतराला पुसले.

केंद्रावरच्या त्या बाबूला चाचांनी ओळखून दाखवले. त्याला चौकशीला बोलावले. चाळिशीचा, नीटनेटका माणूस. निर्दोष माणूस ठाण्यात आला की चिडतो किंवा घाबरतो, हा माझा अनुभव. हा माणूस नियम सांगत होता. गठ्ठे कसे येतात, कोणत्या रजिस्टरला नोंद होते, किल्ली कुणाकडे असते, सारे तोंडपाठ. दोन तास मी ते ऐकून घेतले. मारहाण मी कधी केली नाही. मारलेला माणूस आपल्याला हवे ते बोलतो, खरे बोलतोच असे नाही.

शेवटी मी ती उत्तरपत्रिका त्याच्यापुढे सरकवली आणि सहज म्हणालो, "ह्या पुरवण्या सुट्या करा. फोटो काढायचे आहेत."

त्याने हातही लावला नाही. "ते नाई सुटत साहेब. कापा लागते."

खोलीत पंखा फिरत होता. लिहिणाऱ्या जमादाराने पेन उचलून माझ्याकडे पाहिले.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारले.

तो गाठीकडे पाहत राहिला. मग त्याने तोंडावरून हात फिरवला आणि पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर सांगू लागला. दुसऱ्यांच्या पुरवण्या तो सोडून पुन्हा बांधत असे. हिची गाठ नखाने, दाताने सुटली नाही. कापली तर तपासनिसाला संशय येईल, आणि दोरा कव्हरातून गेलेला नव्हता, म्हणून पुरवण्या तशाच ठेवून त्याने फक्त कव्हर बदलले. गठ्ठे तपासनिसांकडे जाण्याआधी हे काम होत असे. ज्यांना पास करायचे त्यांचे क्रमांक त्याला चिठ्ठीवर येत. ज्यांचे पेपर द्यायचे ते क्रमांकही चिठ्ठीवरच येत. ती मुले नेहमी गावखेड्यातली असत.

"गावखेड्यातलीच का?"

"त्याईच्या मांगं कोणी येत नाई साहेब."

चिठ्ठी कुणाची? ते त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही. दोषारोपपत्र गेले, त्याला शिक्षा झाली, कंत्राटदाराच्या मुलाची पदवी रद्द झाली. कंत्राटदाराला काहीच माहीत नव्हते म्हणे. चिठ्ठी लिहिणारा हात मी शोधत होतो तेवढ्यात माझी बदली झाली. तो हात बहुधा सन्मानाने निवृत्त झाला असेल. त्याचा सत्कारही झाला असेल. शिक्षणक्षेत्रातील दीर्घ सेवेबद्दल.

लोक मला विचारतात, उच्च शिक्षणातला हा भ्रष्टाचार थांबणार कसा? समित्या नेमून नाही. समित्यांचे अहवाल मी पाहिले आहेत, तेही रद्दीतच जातात. मी पोलिसाच्या अनुभवावरून एकच सांगतो. जिथे चोरी होते तिथली कुलपे बघा, ती कुणाला बाहेर ठेवतात ते बघा. त्या खोलीचे कुलूप चोराला बाहेर ठेवत नव्हते, किल्ली त्याच्याच खिशात होती. ते त्या मुलीला बाहेर ठेवत होते. तिच्या हाताने लिहिलेले कागद तिलाच पाहता येत नव्हते आणि याला गोपनीयता म्हणत होते! प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची उत्तरपत्रिका मागताच दाखवा. पुरवण्यांचा आकडा गुणपत्रिकेवर छापा. तक्रार मिटेपर्यंत एक कागद रद्दीत जाऊ देऊ नका. याला कोणता मोठा खर्च लागतो? लाज लागते फक्त.

त्या केंद्राने सुधारणा केली, हे मात्र खरे. पुढच्या परीक्षेपासून दोरा बंद झाला. पुरवण्या स्टेपलरने टाचायच्या, असे परिपत्रक निघाले. स्टेपलरची पिन सगळ्यांची सारखीच दिसते.

आता उरलेले सांगतो. रसायनशास्त्रात ती पास झाल्याचे पत्र निघाल्यावर मी स्वतः तिच्या गावी गेलो. ती ओसरीत जाळे विणत होती. पत्र तिने दोनदा वाचले.

"आणि फिजिक्सचा?"

"ते गठ्ठे रद्दीत गेले. पुरावा राहिला नाही. तो पेपर पुन्हा द्यावा लागेल." म्हणजे उन्हाळ्यात. म्हणजे आश्रमशाळेची जागा गेली, हे आम्हा दोघांनाही कळत होते.

"रद्दी कधी गेली जी?"

मी तारीख सांगितली. तिची बोटे जाळ्यावर थांबली. ती मनातल्या मनात दिवस मोजत होती. तिचा बाप पत्र घेऊन माझ्यासमोर उभा राहिला त्यानंतर पाच दिवसांनी तो ट्रक गेला होता. तिने माझ्याकडे पाहिले नाही. आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाली, "बा, साहेबाले च्या आण."

तो चहा मी प्यालो. प्यावाच लागला.

तिने पेपर पुन्हा दिला, पास झाली. दोन वर्षांनी तिला दुसरीकडे नोकरी लागली असे ऐकले. ती दोन वर्षे कुठल्याही दोषारोपपत्रात नाहीत. बाबूच्या नावावर ती लिहिता येत नाहीत, चिठ्ठीवाल्याच्याही नाही. ती माझ्या नावावर आहेत. ठाण्यात येणाऱ्या प्रत्येकाची नोंद स्टेशन डायरीत घ्यायची असते. त्या सकाळी एक ढिवर विद्यापीठाचे पत्र घेऊन आला होता, तक्रार दखलपात्र होती, आणि ठाणे प्रमुखाने ती हसून परत पाठवली. डायरीच्या त्या पानावर हे नाही. ती नोंद मी आज इथे करतो आहे.