भिंतीला न टेकलेला डेक

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वर्गातल्या रिपोर्टांपलीकडे काही लिहिलेलं नाही. तरी हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोत मी ज्या काका-काकूंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो, त्यांच्या मुलीचं डोहाळजेवण मागच्या अंगणात करायचं ठरलं. त्यासाठी दाराबाहेर लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उंच ओटा, हवा होता. मी सिव्हिलला शिकतो म्हणून काकांनी नकाशा माझ्यावर सोपवला. आयुष्यातलं पहिलं खरं काम! मला जेवण सुचेना.

माझे वडील साताऱ्याकडे गवंडी. वीट म्हणजे आधार, एवढं मला कळायला लागल्यापासून माहीत. म्हणून डेकची एक बाजू मी सरळ विटांना बोल्टने जोडलेली दाखवली. काकांनी एक भोक पाडून पाहिलं. चार इंचांवर ड्रिल एकदम आत घुसलं. टॉर्च मारला, तर विटेमागे बोटभर पोकळी, आणि तिच्यापलीकडे घराची खरी भिंत, लाकडाची. वीट नुसती दर्शनी होती.

"काका, ही वीट वजन घेणार नाही. माझा नकाशा चुकला."

"अरे यार, गवंड्याचा पोरगा ना तू? लांब बोल्ट घालू, पार लाकडापर्यंत."

"नको काका. मधल्या पोकळीत बोल्ट वाकतील. माणसं बसणार आहेत त्यावर."

काकू दारातूनच काकांना म्हणाल्या, "आपल्या लग्नातला मांडव काय माझ्या बाबांच्या घराला टांगला होता? स्वतःच्या खांबांवर उभा होता की!"

"पडला होता तो."

"तुमच्या मित्रांनी बांधलेला कोपरा पडला."

मी धावतच वर गेलो. नव्या नकाशात भिंतीच्या बाजूलाही खांबांची रांग काढली, घर आणि डेकमध्ये इंचभर फट ठेवली. वडिलांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "घरालगत भराव असतो. पाया त्याच्याखाली, जुन्या मातीत ने." मी पायाची खोली वाढवली आणि शहराच्या परमिट ऑफिसात बांधकामाच्या परवानगीसाठी अर्ज केला. परमिट वेळेत आलं नाही, तर कार्यक्रम हॉलमध्ये होणार होता.

दोन आठवडे मी सारखा ईमेल उघडून बघत होतो. शुक्रवारी लॅबमधून बाहेर पडलो आणि फोनवर परमिट ऑफिसचा ईमेल आला. जिन्यातच थांबून वाचलं, पुन्हा वाचलं, मग काकांना फोन लावला. त्यांना 'हॅलो'ही म्हणू दिलं नाही.

"काका, मंजूर! एकही दुरुस्ती नाही. उद्या खड्डे खणायला घेऊ!"