मी न गायलेलं गाणं

ठाकुर्लीच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, मी गाण्याचे क्लास घेते. सतरंजी, पेटी, आणि समोर शाळेतून थेट आलेली मुलं, नाहीतर ऑफिसमधून निवृत्त झालेल्या बायका. माझा एक जुना विद्यार्थी जाहिरातींना संगीत द्यायला लागला होता. ठाण्यात कोपरीला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ आहे. एक दिवस त्याने मला बोलावून घेतलं.

"ताई, बँड काढतोय. पण त्यात माणसं नाहीत."

त्याने स्क्रीनवर चित्रं दाखवली. गिटार धरलेला चष्मेवाला मुलगा, ड्रम्समागे एक कावळा, आणि माईकपाशी दोन वेण्यांची, जरा रागावल्यासारखी दिसणारी मुलगी. "ही गाणार तुमच्या आवाजात," तो म्हणाला.

मला हसूच आलं. मी पंचेचाळीस उलटलेली, जिने चढताना कठडा धरणारी बाई. ती पोरगी फार तर सतरा वर्षांची.

"म्हणूनच तर. मागे कोण आहे ते कोणालाच कळायचं नाही. सगळी गंमत त्यातच आहे."

एका म्युझिक कंपनीशी झालेल्या करारात तसं कलमच होतं. घरात नवरा आणि मुलगी, एवढ्यांनाच माहीत. बँडचं नाव मी इथेही लिहीत नाही.

पहिलं गाणं होतं लिफ्टमध्ये अडकलेल्या आणि एकमेकांशी कधीच न बोललेल्या दोन शेजाऱ्यांचं. मोबाइलवर गाणी ऐकायचं एक ॲप आहे, त्यावर सगळ्यात जास्त ऐकल्या जाणाऱ्या पन्नास मराठी गाण्यांची यादी असते आणि ती रोज बदलते. आमचं लिफ्टचं गाणं त्या यादीपर्यंत पोचलंच नाही. दुसरं कावळ्याचं होतं, ते यादीच्या तळाला आलं, जरा टेकलं आणि गेलं. तिसरं मात्र मुलांनी उचललं. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो, त्यावरचं. ते चढत चढत आठव्या नंबरावर गेलं. मग अल्बम आला. त्यातली तीन गाणी एकाच वेळी यादीत होती आणि त्यातलं एक कितीतरी आठवडे तिसऱ्या नंबरावर अडून बसलं. पहिला नंबर काही मिळाला नाही.

मुलगी कॉलेजला निघताना यादी बघायची आणि चपला घालता घालता ओरडायची, "आई, पाचवर आलीस गं!" मी स्वयंपाकघरातून तिला गप्प बस म्हणून हात करायचे. शेजारी ऐकतील याची भीती, आणि त्या भीतीतही एक मजा होती. क्लासमधली मुलं मधल्या वेळात माझंच गाणं माझ्यासमोर गायची. "हे काय किंचाळताय," असं म्हणून मी त्यांना दटावायचे आणि आत जाऊन हसायचे.

मग एका विद्यार्थिनीच्या आईचं लक्ष गेलं. मी पाणी पीत होते. ती म्हणाली, "मॅडम, गळ्याला काय झालंय? गिळताना काहीतरी वर-खाली होतंय."

आरशासमोर उभं राहून मी घोट घेतला. कंठाच्या डाव्या बाजूला सुपारीएवढं काहीतरी घोटाबरोबर वर गेलं आणि खाली आलं. एवढे दिवस मी रोज आरशात बघत होते, केस विंचरत होते, आणि ते तिथेच होतं.

सोनोग्राफी झाली, सुई घालून तपासणी झाली. कल्याणच्या हॉस्पिटलमधले सर्जन रिपोर्ट वाचून म्हणाले, "थायरॉइडची गाठ आहे. साधी असेल असं सांगता येत नाही. काढायला हवी."

"काढा," नवरा म्हणाला. त्याला वाटलं, धाडसाने उत्तर दिलं की निम्मं काम होतं.

"तुम्ही काय करता?" सर्जननी मला विचारलं.

"गाणं शिकवते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती तेव्हा. आवाजाची नस त्या ग्रंथीला अगदी लागून जाते, ते सांगू लागले. आम्ही ती जपतोच. पण कधीकधी दुखावते. कधी आपोआप बरी होते, कधी नाही. मी मान हलवत होते, आणि माझा हात नकळत गळ्यावर गेला होता, चोराने हार ओढू नये म्हणून बाया धरतात तसा.

कोपरीला जाऊन सांगितलं, तेव्हा माझ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, हे मी आजही म्हणते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "ताई, ऑपरेशनच्या आधी थोडं रेकॉर्डिंग करून ठेवू या का? सेफ्टीसाठी."

मला वाटलं, अर्धवट राहिलेली गाणी पुरी करायची असतील. पण त्याने गाणं दिलंच नाही. काचेपलीकडून तो एक सूर द्यायचा आणि मी त्यावर क, का, कि, की म्हणायचे. मग ख. मग पुढचा सूर, आणि पुन्हा क पासून. अख्खी बाराखडी, प्रत्येक सुरात, हळू, जोरात, हसत, रडवेल्या आवाजात. मधे मधे नुसते श्वास. "आता फक्त श्वास घ्या, ताई. गाण्याच्या आधी घेता तसा."

त्या लहानशा बंद खोलीत मी नुसते श्वास घेत उभी होते आणि न राहवून विचारलं,

"हे सगळं तुला कशाला हवंय रे?"

"एखादा शब्द घसरला तर नीट करता येतो. बाकी काही नाही."

"म्हणजे माझ्यावाचून चालेल तुझं?"

"काहीही काय, ताई!"

मी पुढचा सूर घेतला. आवाज राहील की नाही याची धास्ती इतकी होती, की कुठेतरी तो साठवला जातोय याचं मला बरंच वाटत होतं.

ऑपरेशननंतर शुद्ध आली तेव्हा सर्जन वाकून म्हणाले, "नाव सांगा तुमचं." मी सांगितलं. ओठ हलले, वारा आला. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या नवऱ्याचा चेहरा मी पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

"सूज असेल. वाट बघू," सर्जन म्हणाले.

घरी आल्यावर वाट बघण्याखेरीज काही नव्हतं. डावीकडचा स्वरतंतू हलत नव्हता. बोलायला गेले की दोन शब्दांत हवा संपायची. पाणी पिणं हेही भीतीचं काम झालं, सरळ श्वासनलिकेत जायचं आणि मी काळीनिळी होईपर्यंत खोकायचे. हनुवटी छातीला टेकवून, एकेक चमचा, असं गिळायला शिकवलं होतं. मुलगी समोर बसून माझ्या गळ्याकडे बघत राहायची. गाठीचा रिपोर्ट आला, ती साधी नव्हती, पण पूर्ण निघाली होती. सगळे सुटकेने हसले. मी पण हसले, आवाज न करता.

क्लास बंद होते. पेटीवर कापड घातलेलं होतं.

अशात एका दुपारी मुलगी कॉलेजमधून आली आणि बॅग न काढताच माझ्याजवळ बसली. "आई, तू ऑपरेशनच्या आधी नवीन गाणं करून ठेवलेलंस का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

तिने फोनवर लावलं. बंद पडलेल्या घड्याळाचं गाणं होतं. ते शब्द मी कधी वाचले नव्हते. ती चाल माझ्या कानावर कधी पडली नव्हती. आणि गात होते मीच. माझा खर्ज, 'ळ' म्हणताना माझी जीभ लागते ती जागा, वरच्या सुराला जाताना मी किंचित आधी निघते ती खोड, सगळं माझं. फक्त दुसऱ्या अंतऱ्यात एक श्वास चुकीच्या जागी होता. शब्दाच्या मधोमध. जिवंत माणूस तिथे श्वास घेत नाही.

मुलीने गाणं बंद केलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "लोकांना फार आवडलंय."

आवडलंच होतं. ते यादीत आलं तेच वरच्या दहांत, आणि आठवडाभरात पहिल्या नंबरावर गेलं. आमच्या बँडचा पहिला पहिला नंबर. मुलीने मला सांगितलं नाही, पण खालून जाणाऱ्या टेम्पोत, समोरच्या इमारतीत, वाण्याच्या दुकानात मी गात होते. मी खिडक्या लावून घ्यायला लागले. नवरा म्हणायचा, "अगं, उकडतंय." मी उठून पुन्हा लावायचे.

माझी आई खडवलीला राहते, एकटी. शाळेत शिक्षिका होती, कान अजून तिखट आहेत. बँडचं तिला काही माहीत नव्हतं. ऑपरेशनचं सांगितलं होतं, पण आवाजाचं नाही. घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मना केलंय, एवढंच मुलगी तिला फोनवर सांगत आली होती. एका सकाळी तिचा फोन आला. घरात कोणी नव्हतं. वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. काही झालं तर नाही ना, या काळजीने मी उचलला.

"अगं, आवाज आला की तुझा!" आई इतकी आनंदात होती की श्वास घेत नव्हती. "शेजारच्या मुलीच्या फोनवर ऐकलं आत्ता. ती म्हणते कसलंसं कार्टून आहे. मी म्हटलं, कार्टून कसलं, माझी मुलगी आहे ती! मला एका शब्दाने बोलली नाहीस? बोल ना. गाऊ शकतेस आणि आईशी बोलत नाहीस?"

मी "आई" म्हटलं. फोनमध्ये फक्त वारा गेला असणार.

"हॅलो? ऐकू येत नाही गं. हॅलो?" आणि मग तिचा आवाज बदलला. "कोण आहे तिकडे?"

तिने फोन ठेवला नाही, मीही नाही. तिचा श्वास मला ऐकू येत होता आणि तिला माझा. शेवटी मीच लाल बटण दाबलं, कारण दुसरं काहीच करता येत नव्हतं.

दुपारी ती दारात उभी होती. खडवलीहून एकटी आली होती, पिशवीत काही न घेता. मी तिला खुर्चीवर बसवलं, तिचा कान माझ्या तोंडाशी आणला आणि अडखळत, हवेतल्या हवेत, सगळं सांगितलं. गाठीचं, नसेचं, बँडचं. तिने माझ्या गळ्यावरचा व्रण बोटाने चाचपून पाहिला.

"मग ते कोण गात होतं?"

"मशीन."

"तुझ्या आवाजात?"

मी मान हलवली. आई लहानपणी मला अंधाराला भिऊ नकोस म्हणून हाताला धरून परसात नेणारी बाई. तिने टेबलावरच्या माझ्या फोनकडे असं पाहिलं, जसं काही तिथे काहीतरी वळवळत होतं. "ते बंद करायला सांग," ती म्हणाली. "तू जिवंत आहेस अजून."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन मी कोपरीला गेले. माझा विद्यार्थी उठून उभा राहिला, माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

"ताई, कंपनी थांबायला तयार नव्हती. तुम्ही बऱ्या होईपर्यंत बँड चालू ठेवायचा होता. मला वाटलं तुम्हाला आनंद होईल. पहिला नंबर आला, ताई."

"विचारलं नाहीस," मी म्हणाले. तेवढ्यानेच हवा संपली. पुढचं नवऱ्याने विचारलं, "थांबवता येईल का हे?"

करार विद्यार्थ्याने स्वतःच काढून दाखवला. रेकॉर्ड केलेलं सगळं कंपनीचं होतं, बाराखडी आणि श्वाससुद्धा. आणखी दोन गाणी तयार होऊन कंपनीकडे गेली होती, ती येणारच होती. त्यापुढे माझा आवाज वापरायचा नाही, यासाठी तो कंपनीशी भांडला, असं त्याने नंतर कळवलं. भांडला असेल. दोन गाणी आली. एक दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं, दुसरं विसाव्याच्या आसपास घुटमळलं. त्यानंतरचं गाणं दुसरीच कोणीतरी मुलगी गात होती. वेण्या त्याच होत्या. आवाज बदललाय असं गाण्याखाली दोघातिघांनी लिहिलं होतं, बाकी कोणी काही नाही. ते गाणंही यादीत चांगलं वर गेलं.

माझी नस हळूहळू जागी झाली. पहिल्यांदा खोकल्यात जोर आला, मग हाक मारता यायला लागली. आता मी बोलते, जरा घोगरं. वरचे सूर गेले ते गेलेच. क्लास पुन्हा सुरू केलाय. मी पट्टी खाली घेते आणि वरची जागा आली की पेटीवर दाखवते, मुलं गातात. कोणी मुलाने माझं शिकवणं फोनवर रेकॉर्ड करायला घेतलं, की मी शिकवणं थांबवते. मी म्हणते, "फोन ठेव बाळा, लक्षात ठेव." त्यांना वाटतं, मॅडम जुन्या वळणाच्या आहेत.

गाठ परत आली नाही ना, हे बघायला सहा महिन्यांनी एकदा कल्याणला जावं लागतं. गळ्यावर थंड जेल लावून डॉक्टर सोनोग्राफीचं यंत्र फिरवतात, एका जागी थांबतात, परत मागे येतात. ते थांबले की मी श्वास धरते. "आवंढा गिळा," ते म्हणतात. मी गिळते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहते.