चार सेकंदांचं हसू

लिफ्ट दुरुस्त करणारे आमचे काका मोडक्या खेळण्यांतून आणि रेडिओंतून वाद्यं बनवायचे. आम्ही पाच हौशी दर रविवारी एका गोदामात ती वाजवायचो. ऐकायला कुत्रंही फिरकायचं नाही. पहिल्याच दिवशी काकांनी मला दम भरला होता, "सोल्डरिंगच्या आधी बॅटरी काढायची. विसरलीस तर हाकलून देईन."

त्यांनी बनवलेल्या एका बटणांच्या पेटीत त्यांच्या गेलेल्या मुलीचं हसू होतं. तिनेच बोलक्या बाहुलीत रेकॉर्ड केलेलं, चार सेकंदांचं; त्या बाहुलीची चिप काकांनी पेटीत बसवली होती. काका ते ताणून, उलटं करून वाजवायला लागले की आमची बडबड आपोआप थांबायची.

त्या रविवारी कधी नव्हे ते वीसेक लोक आले, आणि ऐन रंगात पेटीची तार तुटली. मी शहाण्यासारखी पुढे झाले. बॅटरी काढली, तार जोडली, बॅटरी परत बसवली. काकांनी बटण दाबलं. पेटी गप्प.

"बॅटरी काढलीस?"

"तुम्हीच तर शिकवलंत, काका."

वीज तुटली की ती जुनी चिप सगळं विसरायची. म्हणून सहा वर्षं काका दुसरी बॅटरी जोडल्याशिवाय पहिली काढत नव्हते. आम्हाला मात्र कधी बोलले नाहीत.

ते बटण दाबतच राहिले. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमच. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकेकाचे हात मोडावेसे वाटले मला, आधी माझे.