देवीला घातलेला उलटा प्रश्न

पोरींनो, तुमच्या घरी सांगतात ती गोष्ट मी फोनवर तीन-चार वेळा ऐकली आहे. थोरलीचा गुडघा मोडला, तिनं पुन्हा शर्यतीत उतरावं की नाही यावरून घरात वाद झाला, मग आजीनं गोव्यात देवीला प्रसाद लावला, देवीनं उजवा कौल दिला, आणि थोरली पुन्हा बर्फावर गेली. तुमची आई ती छान सांगते. पण त्या गोष्टीत एक वाक्य कमी आहे, आणि ते मी गाळलेलं आहे. आता धाकटीलाही त्याच शर्यतीत उतरायचं आहे आणि तुमची आई मला म्हणते, "आई, पुन्हा एकदा प्रसाद लाव." त्याआधी हे लिहून काढते. तुम्हा दोघींना मराठी वाचायला जड जातं, तेव्हा बहुतेक तुमची आईच हे मोठ्यानं वाचून दाखवील. तिनं मध्ये थांबू नये.

बर्फाचा डोंगर मी कधी पाहिलेला नाही. माझं माहेर पेडण्याचं, सासर कारापूरचं, आणि सगळा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला. डाऊनहिल म्हणजे काय हे मला थोरलीनंच फोनवर समजावलं, ती दहा वर्षांची असताना. स्कीच्या इतर शर्यतींत जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून वळत वळत उतरतात. हिच्यात वळणं कमी आणि वेग जास्त. एकेकटीनं डोंगराच्या माथ्यावरून सुटायचं ते पायथ्याशी थांबायचं, समोर प्रतिस्पर्धी नाही, फक्त घड्याळ. दोन मिनिटांच्या आत सगळं संपतं. मधल्या काही जागी वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. आमच्या कारापूर-साखळीच्या रस्त्यावर एवढ्या वेगानं कुणी मोटार नेली तर लोक दगड मारतील. ही पोर अंगावर पातळ कपडा आणि डोक्यात हेल्मेट घालून ते करत होती.

ती पडली तो जानेवारी महिना. दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. तुमच्या आईचा फोन आला, "आई, ती पडली. उठत नाहीये." आणि बंद झाला. पुढचे चार तास फोन नाही. मी तांदूळ निवडतच राहिले. निवडून झालेले पुन्हा सुपात घेतले आणि पुन्हा निवडले. संध्याकाळी कळलं, गुडघ्यातले स्नायुबंध तुटले होते आणि नडगीचं हाड मोडलं होतं.

चवथीला, गणपतीत, ती माझ्याकडे आली. तोवर ती वीस वर्षांची झाली होती आणि काठी घेऊन चालत होती. मोपाच्या विमानतळावर मी तिला आणायला गेले. त्या पठारावर लहानपणी आम्ही करवंदं काढायला जायचो, तिथं काचेच्या दारातून ती बाहेर आली, तेव्हा मला आधी काठी दिसली आणि मग ती.

गाडीत बसल्यावर तिनं मला सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. प्रशिक्षकाला महिनाअखेर उत्तर हवं होतं. आई नको म्हणत होती.

"तू सज्ञान आहेस," मी म्हणाले.

"हो, पण आजी, ती रोज रडते. ती नको म्हणत असताना मी वर उभी राहिले, तर खाली येईपर्यंत तेच डोक्यात राहील. मग नक्की पडेन. ती हो म्हणाली तरच जाणार."

रोज सकाळी ती पडवीत उभी राहायची. डोळे मिटायची, गुडघे थोडे वाकवायची आणि उजवा हात समोर धरून पाण्यातल्या माशासारखा हलवायची. मला वाटलं व्यायाम असेल. ती म्हणाली, "नाही, मी उतरतेय." ज्या डोंगरावर ती पडली होती तो सगळा उतार, प्रत्येक उंचवटा, प्रत्येक वळण तिला पाठ होतं. सगळेच खेळाडू शर्यतीआधी असं करतात म्हणाली. मनातल्या मनात उतरायला तेवढाच वेळ लागला पाहिजे जेवढा खरोखर लागतो. मला अशी शिस्तीची कामं आवडतात. मी भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ सांगायचं काम घेतलं. पण वेळ सांगायची वेळच येत नसे. सव्वा मिनिट झालं की तिचा हात हवेत थांबायचा. रोज त्याच जागी. डोळे उघडून ती म्हणायची, "उद्या बघू," आणि काठी घेऊन आत जायची.

तुमच्या आजोबांच्या ओळखीचा एक जुना ट्रक ड्रायव्हर चवथीला आमच्याकडे तवशी आणि दोडकी घेऊन येतो. मूळचा दोडामार्गकडचा. सुर्ल्याच्या खाणीवरून खनिजाचे ट्रक खाली नदीच्या धक्क्यापर्यंत नेण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली. आजोबा तेव्हा काट्यावर होते, ट्रक वजन करायचे तिथं. पडवीतला तो प्रकार त्यानं चहा पिता पिता पाहिला.

"काय करतां गो तां चेडू?" त्यानं मला विचारलं.

मी समजावलं. त्यानं तिला जवळ बोलावलं. "लोड किती घेतंस?"

"लोड नाही. मी एकटीच."

"म्हणजे रिकामी गाडी! रिकामी गाडीच जास्त उडता, बाय. भरलेली रस्तो धरून ऱ्हवता. आणि ब्रेक?"

"ब्रेक नसतो, काका."

त्यानं कप खाली ठेवला. "मगे थांबतंस कशी?"

"खाली पोचल्यावर."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्यानं तिला अंगणात नेलं आणि पडलीस ती जागा काढून दाखव म्हणाला. तिनं काठीनं मातीत उतार काढला. दोघं खाली वाकून बघत होते. मी पडवीतून ऐकत होते.

"वळणात भियेलंस," तो म्हणाला.

"हो."

"वळणाच्या आधी भियायचां. पोटभर भियायचां. थंयच काय तो ब्रेक मारायचो. वळणात शिरल्यार मगे काय करूचा नाय. आमचे जे गेले ते सगळे वळणात ब्रेक मारून गेले." मग त्यानं तीन माणसांची नावं घेतली. तिघांनाही मी ओळखत होते. एकाचा मुलगा माझ्या वर्गात होता.

चवथ झाल्यावर तुमच्या आईचा फोन आला. संगणकात डोकं घालून काम करणारी माझी मुलगी, जी मला देवळात जाण्यावरून चिडवायची, ती म्हणाली, "आई, तू प्रसाद लाव. माझ्यानं हो म्हणवत नाही आणि नको म्हणून तिच्याकडे बघवत नाही. उजवा झाला तर मी एक शब्द बोलणार नाही. डावा झाला तर तिनं बोलायचं नाही." थोरली शेजारी बसली होती. ती म्हणाली, "चालेल. आजी खोटं सांगणार नाही."

तुम्हाला प्रसाद माहीत नसेल. भटजी देवीच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात. मग आपला प्रश्न देवीला मोठ्यानं सांगतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. माणसं यावर लग्नं ठरवतात, जमिनी विकतात. माझा विश्वास किती, हे मला विचारू नका. मी प्रश्न कागदावर लिहून नेला.

आमच्या देवळाचे भटजी माझे विद्यार्थी. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बाई, ह्यो प्रश्न उलटो आसा. 'मुलीने शर्यतीत उतरू नये, हे योग्य का?' असं कोण विचारतं? 'उतरू?' असं विचारा."

"लिहिलंय तसंच सांगा."

"पेपरातही असेच घालायचात. खालीलपैकी कुठलं बरोबर नाही? अर्धा वर्ग त्यात गेला."

"तुम्ही नव्हता गेलात."

"मी पण गेलो, बाई. म्हणून देवळात आहे."

मी हसले नाही. प्रश्न उलटा का लिहिला ते मला पक्कं माहीत होतं. उजवा होणं शुभ असं लहानपणापासून मनात बसलेलं. ते शुभ मला माझ्या बाजूला हवं होतं. मला ती पोर घरी हवी होती, काठी टाकून चालणारी, साधी नोकरी करणारी, म्हातारी होणारी.

भटजींनी माझाच प्रश्न माझ्याच शब्दांत देवीला सांगितला. आम्ही बसून राहिलो. समईची वात एकदा सारली एवढा वेळ गेला. मग उजवीकडची पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

देवीनं होय म्हटलं होतं. उतरू नये.

मला आनंद झाला. हे लिहायला मला लाज वाटते, पण झाला. घरी येईपर्यंत तुमच्या आईला काय सांगायचं ते मी मनात जुळवलं होतं.

थोरली पडवीत उभी होती. डोळे मिटलेले, हात समोर. मी चपला न काढता तशीच उभी राहिले आणि सवयीनं घड्याळाकडे बघितलं. सव्वा मिनिट झालं. हात थांबला नाही. एकदा खाली झुकला, उजवीकडे गेला, सरळ झाला आणि पुढे निघाला. एक मिनिट सत्तेचाळीस सेकंदांनी तिनं डोळे उघडले. नुसती दम लागल्यासारखी श्वास घेत होती.

तेवढ्यात फोन वाजला. थोरलीनंच उचलला आणि आवाज मोठा केला. पलीकडे तुमची आई.

"आई, उजवा की डावा? तेवढंच सांग."

"उजवा," मी म्हणाले.

पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, की प्रश्न असा असा होता. पण तुमच्या आईनं हुंदका दिला. "ठीक आहे," ती म्हणाली. "मी शब्द दिला होता. जाऊ दे तिला. मी नाही रडणार." थोरलीनं फोन ठेवला आणि खाली बसून माझ्या गुडघ्यांना मिठी मारली. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. मी ती बाहेर काढली नाही.

मी खोटं बोलले नव्हते. पण असं अर्धं उत्तर वर्गात कुणी दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

ती गेली. मला चार महिने जेवण गेलं नाही. तुम्हाला वाटत होतं आजीला मधुमेह झाला, डॉक्टरही तपासण्या करत राहिले. भटजी देवळात भेटले की मी खाली बघून जायची. ते मात्र काही विचारत नसत.

शर्यत त्याच डोंगरावर होती. आमच्याकडे दुपारचे चार वाजले होते. तुम्ही सगळे पायथ्याशी उभे होता, मी इथं जनेलाच्या गजांना फोन टेकवून बसले होते. ड्रायव्हर आपणहून आला. "रिकामी गाडी बघूंक इलंय," म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

तिच्या आधीची मुलगी पडली. त्याच वळणावर नाही, बरीच वर. पण पडली ती उताराच्या कडेला लावलेल्या जाळीत जाऊन अडकली आणि उठली नाही. शर्यत थांबवली. हेलिकॉप्टर आलं, दोरावरून तिला घेऊन गेलं. त्या अर्ध्या तासात थोरली वर एकटी उभी असणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. बाहेर पोदेराचा भोंगा वाजला, पाव घ्यायला मी उठले नाही. त्या पडलेल्या मुलीचं तोंड मी पाहिलेलं नाही. तिच्याही घरी कुणीतरी कुणालातरी काहीतरी विचारलं असेल, आणि उत्तर आलं असेल.

मग थोरली सुटली. मी चित्राकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. सव्वा मिनिटाला ड्रायव्हर खुर्चीच्या कडेला आला आणि हळू आवाजात म्हणू लागला, "आता नको. आता काय करू नको." मी चित्राकडे बघितलं. ती वाकली, उजवीकडे गेली, सरळ झाली.

"पोचलां," तो म्हणाला. त्यानं डोळे पुसले आणि पाव आणायला पोदेराच्या मागे गेला.

ती अठ्ठाविसावी आली. तुमच्या घरी गोष्ट इथं संपते.

दुसऱ्या दिवशी मी देवळात गेले. भटजी म्हणाले, "पोर उतरली ना खाली? मग नारळ ठेवा, देवीला गाऱ्हाणं घालतो." प्रत्येक गाऱ्हाण्याच्या शेवटी ते म्हणतात तसंच म्हणाले, चुकलंमाकलं असेल ते पोटात घाल. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी नमस्कार केला, पण मला हलकं वाटलं नाही. ती पडली असती तर मी हे आज लिहिलं असतं का, ते मला ठाऊक नाही. देवीचं ऐकलं नाही म्हणून मी घाबरावं, की देवीच्या आडून मीच तिला हो म्हटलं म्हणून, तेही अजून ठरलेलं नाही.

म्हणून धाकटे, तुझ्यासाठी मी प्रसाद लावणार नाही. तुझ्या आईनं तुला हो म्हणावं किंवा नको म्हणावं, पण तिच्या तोंडानं म्हणावं, आणि तू ते तिच्याकडे बघून ऐकावंस. आणि बाळे, माझ्या मुली, हे तू यांना वाचून दाखवत असशील तर आता थांबलीस तरी चालेल.

चिठ्ठी सोबत पाठवते. दोन घड्या पडल्या आहेत, अक्षर माझंच आहे. ती थोरलीच्या हातात द्यावी. तिनं त्या दिवशी म्हटलं होतं की आजी खोटं सांगणार नाही. त्यावर तिला आता काय म्हणायचं असेल ते मला ऐकायचं आहे. रविवारी चार वाजता मी फोनपाशी बसेन.