तुटक रेघेवरचा पुतण्या

आमच्या कुलवृत्तांत मंडळात अकरा माणसं आहेत आणि अकराही जणांना घरचे कंटाळलेले आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे आमच्याबद्दल कुणाचा गैरसमज नको. जिवंत नातेवाईक फोन उचलत नाहीत म्हणून आम्ही मेलेल्यांच्या मागे लागलो. मेलेला माणूस निदान "आत्ता कामात आहे, नंतर करतो" असं तरी म्हणत नाही.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो. शेजारी पुस्तकांची बांधणी चालते, त्यामुळे खोलीला कायम खळीचा वास. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली आहे. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या घराण्याचा तक्ता दोरीला चिमट्यांनी अडकवायचा आणि बाकीच्या दहा जणांनी त्यात खुसपटं काढायची. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. आपला एखादा तरी पूर्वज सेनापती निघावा अशी त्यांची फार इच्छा आहे. बिचाऱ्यांचे आजवर सगळे कारकूनच निघाले.

मंडळात कडक नियम एकच, आणि तो घातला पणजोबांनी. पणजोबा हे त्यांचं आम्ही पाडलेलं नाव. स्वतःला मूल ना बाळ, बायको जाऊन आठ वर्षं झालेली, आणि हाक मात्र पणजोबा. त्यांनाही ती आवडायची. त्यांचा नियम असा की कुठलंही नातं दोन वेगवेगळ्या कागदांत सापडल्याशिवाय तक्त्यावर सरळ रेघ ओढायची नाही. एकच कागद असला किंवा नुसताच अंदाज असला तर तुटक रेघ. डॉक्टरांनी किती वेळा लाडीगोडी लावली, पण पणजोबा बधले नाहीत. "एका कागदावर माणूस मामा होत नाही, डॉक्टर," असं म्हणून ते खाली बसायचे.

एकतीस वर्षं ते पाण्याच्या मीटरचं वाचन करत होते. लोखंडी झाकण उचलायचं, वाकायचं, आकडा टिपायचा, पुढचं घर. वाकून वाकून मान पुढे आलेली ती निवृत्तीनंतरही मागे गेली नाही. शहरातल्या कुठल्या घराचं झाकण गंजलंय, कुठल्याच्या खाली बेडूक बसतो, सगळं त्यांना पाठ होतं. पण त्या घरांमधल्या एकालाही त्यांचं नाव माहीत नव्हतं. "मीटरवाला आलाय" एवढीच ओळख.

आणि त्यांचं आडनाव असं की पोस्टमनही पाकीट उलटंसुलटं करून बघायचा. फोनच्या डिरेक्टरीत त्या आडनावाचा एकच नंबर होता, तो त्यांचाच. बाकी आम्ही सगळे हौशे-नवशे. कुणाला सेनापती हवा, कुणाला वेळ घालवायला काहीतरी हवं. पणजोबांना एकच गोष्ट हवी होती. या आडनावाचा आपल्या रक्ताचा आणखी एक जिवंत माणूस. आपल्यामागे कुणीच नाही याची त्यांना भीती वाटायची. ते ती बोलून दाखवायचे नाहीत, पण दोन खोल्यांच्या घरात एक अख्खी खोली वह्यांनी भरून ठेवणाऱ्या माणसाने वेगळं काय बोलून दाखवायचं? सव्वीस वह्या होत्या. मी मोजल्या आहेत.

त्यांची सगळी मदार एका माणसावर होती, आजोबांच्या धाकट्या भावावर. पणजोबांची आत्या सांगायची, की तिचा हा काका लहानपणीच थोरल्या भावाशी भांडून, रागाच्या भरात घर सोडून गेला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. तिला हे तिच्या वडिलांनी, म्हणजे त्या थोरल्या भावानेच सांगितलेलं. तेव्हापासून पणजोबा त्या रागावलेल्या मुलाच्या मागावर होते. बस जाईल तिथल्या शाळांचे जुने दाखले त्यांनी चाळले. शेवटी तीन तासांवरच्या एका गावात, शाळेच्या जुन्या रजिस्टरात तेच नाव, तेच आडनाव सापडलं. वय साधारण जुळत होतं. बापाच्या नावाचा रकाना वाळवीने खाल्लेला, आणि गावात त्या आडनावाचं तेव्हा कुणी राहत नव्हतं. पणजोबांनी प्रामाणिकपणे तुटक रेघ ओढली, तक्ता दोरीवर लावला आणि म्हणाले, "हा अंदाज आहे. कुणाला काही सापडलं तर सांगा."

आता माझी पाळी. मंडळाचं वार्तापत्र मी काढते. कोर्टात बत्तीस वर्षं टायपिंग केलेली बाई. माझ्या नकलेत स्वल्पविरामही इकडचा तिकडे व्हायचा नाही. चौतिसाव्या अंकात पणजोबांचा तक्ता छापायचा होता. झेरॉक्सच्या मशीनवर तुटक रेघा फिकट यायच्या, निम्म्या गायबच व्हायच्या. दुकानदार म्हणाला, "बाई, जरा ठळक करून आणा." मी पट्टी घेतली, काळं पेन घेतलं आणि रेघा ठळक केल्या. ठळक करताना सरळ केल्या. डोक्यात दुसऱ्या दिवशी गॅसवाला येणार होता तेवढंच होतं. पणजोबांनी अंक पाहिला असेल, पण आपल्याच तक्त्यात कोण चुका शोधतो?

आम्ही वार्तापत्र इतर गावांच्या मंडळांना पाठवतो, ते त्यांचं आम्हाला पाठवतात. सगळे एकमेकांचं उतरवून घेतात आणि त्याला संशोधन म्हणतात. त्यानंतर नऊ वर्षं काही झालं नाही. मग एका शनिवारी पणजोबा बिस्किटांचे दोन पुडे घेऊन आले. आजवर त्यांनी मंडळात कधी पाण्याची बाटलीही आणली नव्हती.

"पुतण्या सापडला," ते म्हणाले, आणि पुडा फोडायला गेले तर बिस्किटं जमिनीवर पडली.

त्या तीन तासांवरच्या आपल्या मूळ गावी परतून एका गृहस्थाने मधल्या काळात चष्म्याचं दुकान काढलं होतं. आडनाव तेच. शाळेच्या रजिस्टरातला मुलगा त्याचा पणजोबा. त्याने हौसेने आपल्या घराण्याचा शोध घेतला, तर दोन ठिकाणी त्याच्या पणजोबाला एक थोरला भाऊ दाखवलेला सापडला: एकदा त्यांच्या भागातल्या जाडजूड घराणेकोशात आणि एकदा इंटरनेटवरच्या वंशावळीत. त्या थोरल्या भावाची वंशरेघ येऊन थांबत होती आमच्या पणजोबांपाशी. त्याने पत्ता मिळवून पत्र धाडलं. 'दोन स्वतंत्र पुरावे आहेत, काका' असं त्यात लिहिलेलं होतं. पणजोबांनी ते वाक्य आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. नियम पाळला गेला होता!

पुढचे चौदा महिने हा माणूस ओळखू येत नव्हता. शर्टाला इस्त्री आली. चष्मेवाल्याने डोळे तपासून नवा चष्मा दिला, तेव्हा कळलं की हे इतकी वर्षं चुकीच्या नंबराचा लावून वाळवी लागलेले कागद वाचत होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते बसने तिकडे जायचे. चष्मेवाल्याची मुलगी कॉलेजात होती. ती त्यांना स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून लसूण सोलायला लावायची आणि म्हणायची, "आजोबा, तू फार हळू सोलतोस, अशाने जेवायला संध्याकाळ होईल." हे सांगताना पणजोबा इतके हसायचे की पुढचं ऐकूच यायचं नाही. सव्वीस वह्या त्या मुलीला द्यायच्या असं त्यांनी ठरवलं होतं. तीही "घेते की" म्हणाली होती.

मंडळाला पंचवीस वर्षं होणार म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांचे तक्ते नव्याने काढायचा घाट घातला. काम अर्थात माझ्या गळ्यात. मी पणजोबांकडून दोन्ही पुराव्यांच्या प्रती मागून घेतल्या, आणि जे आजवर कुणीच केलं नव्हतं ते केलं: तळटिपा वाचल्या. घराणेकोशात खाली आधार दिला होता, आमचं वार्तापत्र, अंक चौतीस. इंटरनेटच्या वंशावळीत आधार दिला होता, आमचं वार्तापत्र, अंक चौतीस. कपाटातून अंक काढला. रेघ सरळ. त्याच्या मागच्या फायलीतून पणजोबांचा मूळ तक्ता काढला. रेघ तुटक.

पणजोबांचा स्वतःचाच अंदाज माझ्या पेनातून गावोगाव फिरून, दोन पुरावे बनून त्यांच्या दारात आला होता.

तीन आठवडे मी तोंडातून शब्द काढला नाही. गप्प बसायचं असं काही ठरवलं नव्हतं. धीर होत नव्हता, एवढंच. शेवटी मनात आलं, की आपणच एखादा खरा कागद शोधावा. अंदाज खराही असेल! एक जरी अस्सल नोंद मिळाली तर माझी चूक झाकली जाईल आणि त्यांचा पुतण्याही टिकेल. म्हणून मी नगरपालिकेच्या तळघरात गेले. जन्माच्या वह्या पणजोबांनी कोळून प्यालेल्या होत्या. मी मृत्यूच्या काढल्या. त्या त्यांनी कधी उघडल्या नव्हत्या, कारण रागावून निघून गेलेल्या मुलाला मृत्यूच्या वहीत कोण शोधणार?

चौथ्या दिवशी सापडला. नाव, आडनाव, बापाचं नाव, घर नंबर, सगळं स्पष्ट. वय अकरा. कारण, ताप. तारीख, शाळेच्या रजिस्टरातल्या त्या नोंदीच्या चार वर्षं आधीची. आणि खबर देणाऱ्याच्या रकान्यात थोरल्या भावाची सही. म्हणजे पणजोबांचे आजोबा स्वतः जाऊन धाकट्याची खबर देऊन आले, आणि जन्मभर मुलांना सांगत राहिले की तो रागावून गेलाय. का, ते देव जाणे. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. गेलेला माणूस परत येऊ शकतो, एवढं तरी त्यात होतं.

मी तिन्ही कागद घेऊन पणजोबांच्या घरी गेले. त्यांनी नव्या चष्म्यातून सावकाश सगळं वाचलं. मृत्यूची नोंद वाचली, मूळ तक्ता पाहिला, अंक चौतीस पाहिला.

"रेघ मी ओढली," मी म्हटलं. "माझी चूक आहे. मला क्षमा करा."

"तुमचं पेन चांगलं आहे," ते म्हणाले. "दहा वर्षांत जरा म्हणून फिकी पडली नाही." मग उठून त्यांनी मला पाणी दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

चष्मेवाल्याला त्यांनी त्याच दिवशी पत्र टाकलं. मी म्हटलं, थोडे दिवस जाऊ द्या, पण ऐकलं नाही. चष्मेवाला भला माणूस. त्याचा लगेच फोन आला, "अहो काका, कागदांचं काय घेऊन बसलात! तुम्ही यायचंच." मला वाटलं, सुटले. खरंच वाटलं. दोन माणसांची एकमेकांवर माया असेल तर मेलेल्या मुलाच्या तापाने त्यांचं काय अडतंय?

पणजोबा पहिल्या रविवारी गेले. शनिवारी मी विचारलं, कसं झालं?

"छान झालं," ते म्हणाले. "चहा दिला. बाहेरच्या खोलीत बसलो होतो. मुलीची परीक्षा आहे, ती येऊन नमस्कार करून गेली. परतीची बस किती वाजता आहे, ते त्यांनी माझ्यासाठी आधीच विचारून ठेवलं होतं."

वह्यांचा विषय कुणी काढला नाही, त्यांनीही नाही. पुढच्या महिन्यात ते गेले नाहीत. फोनही आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. वाईट कुणीच वागलं नाही. डॉक्टर म्हणाले, "त्यांनी एकदा तरी बोलवायला हवं होतं." मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही तुमचा सेनापती बघा." उगाच तोडलं मी त्यांना.

मंडळात पणजोबा अजून येतात. तक्ता लावत नाहीत, दुसऱ्यांचे बघतात. एकदा दुसऱ्या कुणीतरी एकाच कागदावर सरळ रेघ ओढलेली होती. आम्ही सगळे पणजोबांकडे बघू लागलो, आता हे उठतील म्हणून. ते म्हणाले, "असू दे."

गेल्या शनिवारी आम्ही दोघं बरोबरच जिना उतरलो. खालच्या पायरीवर त्यांनी मला थांबवलं.

"बाई, तुम्ही बोलला नसतात तर?"

मी म्हटलं, "पण ते खरं नव्हतं."

"ते ठाऊक आहे हो. आता चौऱ्याहत्तर झाली मला. फार तर चार-पाच वर्षं राहिली असतील. तेवढी निघाली असती." ते कठड्याला धरून उभे होते. "खरं काय ते मी मेल्यावर लिहायचं होतंत."

ते वाकलेली मान घेऊन बसच्या थांब्याकडे गेले.