आमच्या साडूंचं झाकण

आमच्या साडूंना देवासच्या कुठल्याही कारखान्यात सोडा, दुपारच्या डब्याच्या आत ते एखादी नवी युक्ती काढणारच! माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सत्तरच्या दशकात देवासला एकामागून एक कारखाने निघाले, तेव्हा आम्ही दोघंही महाराष्ट्रातून नोकरीसाठी इथे आलो. मी एकाच खुर्चीला चिकटलो. त्यांनी तीन कारखाने पालथे घातले. चामड्याच्या कारखान्यात त्यांनी कातडी वाळवायची नवी रीत सुचवली, तर म्हातारे उस्ताद माळवी ढंगात म्हणाले, "भिया, पहले दस साल चमड़ा सूँघो, फिर बोलो." साडू दहा महिने इमानेइतबारे हुंगत राहिले, मेव्हणीनं घरात घेणं बंद केलं, तेव्हा कुठे सोडलं. औषधांच्या कारखान्यात बाटलीवर लेबल सरळ बसावं म्हणून त्यांनी लाकडी साचा केला. तिथे कुणीच नाही म्हटलं नाही, फक्त कागद सह्यांना गेला. साडू राजीनामा देऊन निघाले तेव्हा तो पाचव्या टेबलावर होता. "त्यांचं चूक नाही हो," ते म्हणाले, "औषध माणसाच्या पोटात जातं."

मग ते आमच्या यंत्रांच्या कारखान्यात आले. इथे नव्या कल्पनांसाठी भिंतीवर चक्क सूचनापेटी होती आणि तिची किल्ली माझ्याकडे. नव्या विचारांना आमच्याकडे इतका मान, की पेटी दर शनिवारी पुसली जाई. साडूंच्या चिठ्ठ्या मी वाचायचो, 'विचाराधीन' असा शिक्का मारायचो आणि चहा मागवायचो. एका यंत्राचा फिरता पट्टा उघडा होता. त्यावर झाकण बसवा, असं त्यांनी चार वेळा लिहिलं. चार शिक्के पडले. शेवटी त्यांनी भंगारातल्या पत्र्याचं झाकण स्वतःच ठोकून बसवलं. विनापरवानगी यंत्राला हात लावल्याचा मेमो मीच टाइप केला.

त्याच आठवड्यात मोठे साहेब आले. त्यांना यंत्र दाखवताना मी ऐटीत मागे सरलो, तेलावरून घसरलो आणि कोपरासकट त्या झाकणावर आदळलो. पत्रा चेपला, हात वाचला. मला उभं करून साहेबांनी झाकणाकडे पाहिलं. "अरे वाह, ये किसका आइडिया है?" साडू दहा पावलांवर उभे होते. माझ्या तोंडून निघालं, "हमारे विभाग का, सर." सूचनापेटीच्या त्या विभागात मी एकटाच होतो! मला बक्षीस मिळालं आणि कारखान्यातल्या साऱ्या पट्ट्यांना झाकणं. सर्वांत जोरात टाळ्या साडूंनी वाजवल्या.

निवृत्त होऊन ते धारला राहायला गेले. सात-आठ वर्षं चुकवलेली माफी मागायला मी शेवटी तिथे गेलो. वाटेत जुळवलेली वाक्यं अडखळत म्हटली. ते ऐकत होते की नाही, कोण जाणे. त्यांनी माझी बाही वर सरकवली आणि चष्म्यातून कोपर न्याहाळलं.

"त्या दिवशी बरंच लागलं असेल ना? विचारायचं राहूनच गेलं, भिया."

आणि ते चहा सांगायला आत गेले. मी बाही तशीच वर ठेवून चहा प्यायलो.